उद्घोषकाची चाकरी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

॥ रामकृष्णहरि ॥

दिंडीचे मालक, विणेकरी बुवा, चोपदार, मृदंगमणी, टाळकरी, तुळस डोईवर घेऊन चालणाऱ्या सगळ्या माउल्या आणि बसायला जागा नाही म्हणून मांडवाच्या कडेला उभी असलेली मंडळी, सर्वांना आमचा नमस्कार.

आम्ही म्हणजे तिघं. रेडिओवर आणि दूरदर्शनवर उद्घोषणा करता करता निवृत्त झालेले, आणि गेली काही वर्षं आपल्या दिंडीत मागच्या ओळीत चालणारे. बोलतोय एक, पण मजकूर तिघांचा आहे. काल रात्री राहुटीत बसून काय सांगायचं आणि काय नाही याचा हिशोब केला, त्यात दोनदा भांडणही झालं. म्हणून 'आम्ही'. कीर्तनात महाराज 'आम्ही' म्हणतात त्या अर्थानं नव्हे, तेवढा आमचा अधिकार नाही.

संयोजकांनी सांगितलं, तुमच्या धंद्याबद्दल बोला. सप्ताहात, शताब्दीच्या मांडवात, रेडिओबद्दल काय बोलायचं असं आधी वाटलं. मग हिशोब केला तर असं दिसलं की आपली दिंडी आणि या देशातला रेडिओ जवळपास एकाच वयाचे आहेत. मुंबईचं केंद्र सुरू झालं ते २३ जुलै १९२७ रोजी. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाची खाजगी कंपनी होती, ती तीन वर्षांत बुडाली. मग सरकारनं कारभार हातात घेतला आणि १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. नागपूर केंद्र १९४८ चं, पुणे २ ऑक्टोबर १९५३ चं, सांगली १९६३ चं. आपल्या दिंडीत ज्या गावांची माणसं चालतात, त्यांच्या कानावर घरातल्यासारखं बोलणारा रेडिओ पडला तो पुणे आणि सांगलीमुळे. त्याआधी मुंबई लागायची, पण खरखरीतून. पुणे म्हणजे ३७८.८ मीटर, ७९२ किलोहर्ट्झ. हे आकडे आम्ही आयुष्यात इतक्या वेळा उच्चारले आहेत की आता झोपेतून उठवून विचारलं तरी हरिपाठासारखे बाहेर पडतील. इथल्या म्हाताऱ्या मंडळींनाही पाठ असतील. बघा, ते तिथे कोणीतरी मान हलवतंय.

तेव्हा रेडिओ घरात नसे. चावडीवर किंवा देवळात एक संच, त्याला कर्णा, आणि संध्याकाळी खाली बसलेलं गाव. घरी रेडिओ घेतला तर पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी त्याचे पैसे भरावे लागत. ऐकण्यासाठी परवाना काढायचा हे आजच्या पोरांना सांगितलं की ती हसतात.

याच भागात १९५६ साली एक मोठा प्रयोग झाला. आमच्या धंद्यात तो पुण्याचा प्रयोग म्हणून जगभर माहीत आहे, आणि ज्या गावांत तो झाला तिथे मात्र बहुतेकांना आठवत नाही. युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांची श्रोता मंडळी, म्हणजे रेडिओ शेतकरी मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, असे एकूण वीस कार्यक्रम. ऐकून उठून जायचं नाही. त्यावर आपसात बोलायचं, काय पटलं आणि काय नाही ते ठरवायचं, आणि प्रश्न लिहून केंद्राला पाठवायचे. केंद्रानं त्याची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात द्यायची. नंतर पाहणी केली तेव्हा दिसलं की ज्या गावांत मंडळं होती तिथल्या लोकांची माहिती, नुसता रेडिओ असलेल्या किंवा रेडिओच नसलेल्या गावांपेक्षा पुष्कळ वाढली होती. यावरून पुढे देशभर अशी मंडळं निघाली. एकत्र बसून ऐकणं आणि मग त्यावर बोलणं, हे वारकऱ्याला नवं सांगावं लागत नाही. पारावर पोथी लावणारं गाव ते.

पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकर आले ते १९५५ च्या सुमाराला. 'बनगरवाडी'वाले माडगूळकर. त्यांनी पुढे अनेक वर्षं तिथेच नोकरी केली. आम्हाला त्यांचं साहित्यिक म्हणून मोठेपण सांगायचं नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला सांगायचंय ते एवढंच की माणदेशातला माणूस त्या खुर्चीत बसला, ही आमच्या धंद्यासाठी मोठी गोष्ट होती. सदाशिव पेठेत बोलतात तेवढंच मराठी शुद्ध, असं ज्या काळात सगळेच धरून चालत, त्या काळात शेतकऱ्याच्या कार्यक्रमात शेतकऱ्याची बोली चालते हे माइकसमोर ठरत गेलं.

आता चाकरीबद्दल. पहाटेची ड्युटी असली की साडेचारला गाडी दाराशी यायची. केंद्रावर पोचलं की आधी क्यू शीट पाहायची. म्हणजे दिवसाच्या सभेचा मिनिटामिनिटाचा तक्ता. रेडिओत सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन सभा असतात. शब्द किती चांगला आहे बघा, सभा. मग त्या तक्त्याप्रमाणे टेपा आणि तबकड्या काढून क्रमानं लावायच्या, सुई तपासायची, फेडर वरखाली करून पाहायचा. मग सिग्नेचर ट्यून. ती धून वॉल्टर काउफमान नावाच्या झेक ज्यू संगीतकारानं बांधली, हिटलरच्या छळातून निसटून मुंबईत आसरा घेतलेला माणूस तो. आपल्याकडच्या कोट्यवधी घरांची पहाट त्याच्या सुरानं झाली आणि त्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं. धून संपली की वंदे मातरम्. आणि मग लाल दिवा लागतो.

लाल दिवा लागला की तुम्ही एकटे. काचेपलीकडे इंजिनिअर असतो, पण बोलायचं तुम्हालाच. तारीख, तिथी, वार, मीटर, किलोहर्ट्झ. यात काही कला नाही असं पुष्कळांना वाटतं. आमच्यापैकी एकाचे वडील म्हणायचे, 'तुला फक्त वेळ सांगायचा पगार मिळतो.' खरं आहे. पण वेळ सांगणं सोपं नाही. सात वाजता दिल्लीच्या बातम्या सहक्षेपित करायच्या असतील तर सहा एकोणसाठ पन्नासला तुमचं वाक्य संपलं पाहिजे. गाणं लांबलं तर ते हळूच खाली आणायचं, श्रोत्याला धक्का बसता कामा नये. कमी पडलं तर सतारीचा किंवा बासरीचा तुकडा लावून जागा भरायची, त्याला आम्ही फिलर म्हणतो. आणि काहीच न वाजता दहा सेकंद गेले तर ड्युटी ऑफिसर धावत येतो. दहा सेकंद म्हणजे किती हे मोजून बघा, आत्ता इथे सगळे गप्प बसलात तर मालक उठून विचारतील, काय झालं म्हणून.

बाजारभाव वाचायला तर नवशिक्याला कधी बसवत नसत. हळद, गूळ, कांदा, ज्वारी. किमान, कमाल, सरासरी. त्या आकड्यांवर बैलगाडी जुंपायची की नाही हे ठरत असे. सांगलीच्या हळदीचा भाव सांगताना जीभ अडखळली तर तिकडे कोणाचं तरी पोतं कमी भावात जातं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. आकडा सावकाश, एका लयीत, आणि आवाज न चढवता सांगायचा. भाव वाढला म्हणून आनंद दाखवायचा नाही. घेणाराही ऐकत असतो.

लोकांना आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं म्हणून आठवतं ते गीतरामायण. ते योग्यच आहे. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे केंद्रावरून पहिलं गीत गेलं. आकाशवाणीच्या सीताकांत लाडांचा पुढाकार, गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, आणि वर्षभर दर आठवड्याला एक नवं गीत, शेवटी छप्पन्न झाली. शुक्रवारी सकाळी नवं गीत, आणि शनिवार-रविवारी तेच पुन्हा. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायला बसत. हे आम्ही वाचलेलं आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं. पण आम्हाला त्यात आमच्या कामाची गंमत दिसते ती निराळी. त्या गीताआधी कोणीतरी उद्घोषक एक वाक्य बोलत असणार. आणि ज्या गावात आंघोळी उरकून लोक कर्ण्याखाली बसलेत, तिथे त्या वाक्याला शांतता होत असणार. तो माणूस कोण होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

आमच्या धंद्याची रीतच तशी. बातम्या देणारा नाव सांगतो, उद्घोषक सांगत नाही. 'हे आकाशवाणीचं अमुक केंद्र आहे' एवढंच. आमच्यातल्या एकानं पस्तीस वर्षं काम केलं आणि स्वतःचं नाव माइकवर एकदाही घेतलं नाही. बाजारात भाजी घेताना भाजीवाली म्हणायची, 'आवाज वळखीचा वाटतोय, कुठलं तुम्ही?' तेवढीच कमाई. आता ज्यांनी नाव सांगितलं त्यांचं काय झालं तेही पाहा. अमीन सयानी सिलोनवरून बोलले, १९५२ च्या डिसेंबरापासून, आणि बिनाका गीतमालेमुळे साऱ्या देशाला नावानिशी माहीत झाले. सिलोन एवढं चाललं याचं एक कारण आपल्याच माणसाकडे जातं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, मराठी माणूस, दहा वर्षं नभोवाणीमंत्री. त्यांना सिनेमाची गाणी आवडत नसत. त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केली, आणि श्रोता उठून सिलोनला गेला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. केसकरांनी शास्त्रीय संगीतासाठी पुष्कळ केलं, ते मान्य. पण ऐकणाऱ्याला काय आवडावं हे वरून ठरवता येत नाही. कीर्तनकाराला हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं, कारण समोरची माणसं उठून जाताना दिसतात. रेडिओवाल्याला ती दिसत नाहीत.

जाता जाता एक. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, ती तीस वर्षं टिकली. भावगीतवाले, ठुमरीवाले हैराण झाले. वारकरी भजनाचं काही अडलं नाही. वीणा, पखवाज आणि टाळ, पेटी होतीच कुठे? आता बऱ्याच दिंड्यांत दिसते, तो भाग वेगळा, त्यावर मालकांसमोर आम्ही मत देणार नाही.

खरं सांगायचं तर उत्तम उद्घोषणा काय असते हे आम्ही स्टुडिओत शिकलो नाही. म्हणजे शिकलो, आवाजाची चाचणी झाली, वाणी अभ्यासक्रमाची प्रमाणपत्रं आहेत. पण धडा मिळाला तो समाज आरतीत. तुम्हाला रोजचं आहे म्हणून तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. मुक्कामावर माउलींची पालखी आली, सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहिल्या, हजारो टाळ एकदम वाजतायत, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आणि चोपदार दंड वर करतात, हाळी देतात. एका श्वासात सगळं थांबतं. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार त्या आवाजाच्या दिशेनं जातात, काय झालं विचारतात, तिथल्या तिथे निवाडा होतो, आणि मग तेही टाळ थांबतात. माइक नसताना, अर्ज नसताना, गाऱ्हाणं मांडायची ही रीत ज्यानं कोणी घातली त्याला ध्वनीचं ज्ञान किती असेल! आमच्या कारकिर्दीत तक्रारपेट्या पुष्कळ पाहिल्या. त्यातल्या चिठ्ठ्या कुठे गेल्या ते पांडुरंगाला ठाऊक.

मग हरवलं-सापडलंचं वाचन. पिशवी, चष्मा, काठी, औषधाची पुडी, कोणाची म्हातारी. कुठे मिळेल ते एका वाक्यात. मग उद्या पालखी किती वाजता निघणार ते. विशेषण नाही, पाल्हाळ नाही. 'अत्यंत दुःखद' नाही की 'आनंदाची बातमी' नाही. ज्याचं हरवलं आहे त्याला तेवढं पुरतं. आमच्यापैकी एकजण पहिल्यांदा वारीला आला तो केंद्राच्या कामासाठी, टेपरेकॉर्डर खांद्याला लावून. तो परत गेला आणि आपल्या सगळ्या उद्घोषणा काढून त्यातली निम्मी विशेषणं खोडली.

रिंगणाचं वर्णन हा आमच्या कामातला सगळ्यात अवघड भाग. क्रिकेटचं धावतं वर्णन करणारा चेंडू कुठे गेला ते सांगतो. रिंगणात काय सांगायचं? पुरंदवड्याच्या मैदानात गोल आखलेला, मध्ये पताकावाले, भोवती तुळशीवाल्या, टाळकरी, त्याबाहेर माणसांची भिंत. दोन अश्व येतात, अंकलीच्या शितोळे सरकारांचे. एकावर जरीपटका घेतलेला स्वार. दुसऱ्यावर कोणी नाही. आता जो अंध आहे, किंवा जो गुडघे गेले म्हणून यंदा घरी राहिलाय, तो कानाला रेडिओ लावून बसलाय. त्याला काय सांगाल? 'मोकळा अश्व' म्हणाल? 'बिनस्वाराचा' म्हणाल? वार्ताहर म्हणून तेच खरं. पण त्या मैदानात उभ्या असलेल्या एकाही माणसाला तो मोकळा दिसत नाही. यावर केंद्रावर आमचे वाद झाले. एक अधिकारी म्हणाले, जे दिसतं तेच बोलायचं, आपण सरकारी नोकर. दुसरे म्हणाले, श्रद्धा ही पण तिथली बातमीच आहे. आम्ही जे ठरवलं ते असं: 'माउलींचा अश्व' म्हणायचं आणि पुढे काही जोडायचं नाही. ज्याला माहीत आहे त्याला ते पुरतं, ज्याला माहीत नाही तो घरात कोणाला तरी विचारेल. अश्व दौडायला लागला की बोलणं बंद करायचं. टापा आणि त्याच्यामागून उठणारा गजर, तेवढंच जाऊ द्यायचं. दोन फेऱ्या आम्ही गप्प. पगार बोलण्याचा, आणि सगळ्यात चांगलं काम गप्प बसून झालेलं, अशी आमची नोकरी. तिसरी गोष्ट म्हणजे शेवट सांगायचा. अश्व गेल्यावर लोक वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात, हे घरी बसलेल्याला ऐकू येत नाही, ते शब्दातच सांगावं लागतं.

दूरदर्शनवर हा प्रश्न उलटा झाला. मुंबई दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुणं आणि आसपासचा मुलूख त्यात आला. तिथे सगळं दिसतं, म्हणून बोलायचं कमी आणि नीट बसायचं. सुरुवातीच्या वृत्तनिवेदकांत स्मिता पाटील होत्या, भक्ती बर्वे होत्या. भक्तीताई सांगलीकडच्या, आकाशवाणीतही उद्घोषणा केलेल्या, नंतर 'ती फुलराणी'नं घराघरांत गेल्या. प्रदीप भिडे यांनी तर मराठी बातम्यांना चाळीसेक वर्षं आवाज दिला. २०२२ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांचं वैशिष्ट्य असं की पूर आला तरी, सरकार पडलं तरी, निकाल लागला तरी त्यांचा स्वर एका पट्टीत राहायचा. घाबरायचं असेल तर ते ऐकणाऱ्यानं स्वतः ठरवावं. आज बातम्या लावल्या की पहिल्या सेकंदाला घर पेटल्यासारखं वाटतं. आम्हाला हे पटत नाही, आणि आम्ही म्हातारे झालो म्हणून नव्हे. ओरडणाऱ्या माणसाचं आठवत नाही, आणि बातमी आठवली पाहिजे.

२०२० साल तुमच्या मनात ताजं असेल. दिंडी निघाली नाही. शंभर वर्षांच्या हिशोबात ती खळ राहील. ३० जूनला पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या, आणि १ जुलैला एकादशी झाली. आपल्या विणेकरी बुवांनी त्या पहाटे काय केलं ते त्यांच्या मुलानं आम्हाला सांगितलं. घरात, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर महापूजा लावली, संचासमोर पाट ठेवला, गळ्यात वीणा घेतली आणि पूजा संपेपर्यंत उभे राहिले. बसा म्हटलं तर ऐकेनात. त्या पहाटे गाभाऱ्यातून बोलणाऱ्या निवेदकाला हे ठाऊक नव्हतं. पण कोणीतरी कुठेतरी उभं आहे असं धरूनच बोलायचं असतं, आणि तो तसं बोलला. आम्ही ऐकलंय.

आता जे सांगायला आम्ही मुद्दाम उभे राहिलो ते.

आमच्यातला एकजण ज्या केंद्रावर होता, त्याचं नाव घेत नाही, तिथे एका जुन्या कीर्तनकारांचं अर्ध्या तासाचं कीर्तन मुद्रित केलं होतं. आडगावचे, फार शिकलेले नव्हते, पण निरूपण असं की इंजिनिअरनं काचेपलीकडे हात जोडलेले. प्रसारित झालं, पत्रं आली. पंधरा-सोळा वर्षांनी एक तरुण केंद्रावर आला. त्यांचा मुलगा. वडील वारले होते. घरात एक फोटो होता, आवाज नव्हता. म्हणाला, एकदा ऐकवा, विकत द्या म्हणत नाही. आम्ही ग्रंथालयात गेलो. स्पूलच्या डब्यावरचं कार्ड काढलं. वडिलांचं नाव लाल पेन्सिलीनं खोडलेलं, खाली दुसरा मजकूर: कांद्याची साठवण, मुलाखत. त्या काळी टेप महाग, मोजून मिळायची, म्हणून प्रसारण झालं की पुसून परत वापरायची. सगळीकडे तीच रीत होती. कोणी दुष्टपणानं केलं नाही. कांद्याची साठवणही गरजेचीच.

त्या मुलाला बसवलं, चहा दिला. मग आमच्या या माणसानं त्याला सांगितलं की तुझ्या वडिलांनी सुरुवात कशी केली, कोणत्या ठिकाणी ते थांबले, खाकरले कसे, आणि मृदंग्याकडे बघून हसले ते. मुलगा ऐकत होता. शेवटी म्हणाला, 'ते हसायचे व्हय?' घरात कधी हसलेले त्यानं पाहिले नव्हते.

यानंतर आमच्या त्या सहकाऱ्यानं एक सवय लावून घेतली. पुसायला निघालेल्या टेपांतलं जेवढं जमेल तेवढं स्वतःच्या पैशानं आणलेल्या कॅसेटवर उतरवून ठेवायचं. वरिष्ठांना विचारून, वहीत नोंद करून. त्यातल्या काही कॅसेटना बुरशी लागली, काही अजून वाजतात.

आमचा धंदा आता उतरणीला लागलाय, ते सांगायला लाजायचं कारण नाही. नैमित्तिक उद्घोषक म्हणून आयुष्य काढलेली, महिन्याला पाच-सहा ड्युट्या आणि बाकी दिवस शिकवण्या घेणारी माणसं आमच्या ओळखीत पुष्कळ आहेत. २०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवायचं घाटत होतं, लोक बोलले, तेव्हा ते थांबलं. २०२४ च्या मे महिन्यात डीडी किसान वाहिनीवर दोन निवेदक आले, क्रिश आणि भूमी. ते माणसं नाहीत, संगणकानं केलेले आहेत. थकत नाहीत, पहाटेची गाडी लागत नाही, बऱ्याच भाषा बोलतात. आम्ही ते पाहिले. उच्चार वाईट नाहीत. हळदीचा भाव ते बरोबर सांगतील, आणि कदाचित आमच्यापेक्षा कमी अडखळतील. ते येणारच. पण यंत्रालाही शिकायला कोणाचा तरी आवाज लागतो, आणि जो आवाज कुठेच साठवलेला नाही तो त्यालाही माहीत होणार नाही.

म्हणून विचारतो. या दिंडीच्या संस्थापक महाराजांचा आवाज कोणाकडे आहे? नाही. स्मरणिकेत त्यांचं चित्र आहे, तेही फोटोवरून काढलेलं. दुसऱ्या पिढीतल्या विणेकऱ्यांचा? नाही. आपल्या दिंडीत काकड्याच्या दोन चाली अशा म्हणतात की त्या आम्ही दुसऱ्या कुठल्या दिंडीत ऐकल्या नाहीत. त्या पूर्ण येणारी माणसं आज चार आहेत, चौघंही ऐंशीच्या पुढची, आणि त्यातले एक माउली गेल्या महिन्यापासून अंथरुणाला खिळलेत. मोबाइलवर रेकॉर्डिंग आहेत असं तुम्ही म्हणाल. आहेत, आम्ही ऐकली. टाळांच्या गजरात शब्द बुडालेत, आणि मध्येच कोणाचा तरी फोन वाजतो.

आमच्याकडे एक चांगलं मुद्रणयंत्र आहे, दोन माइक आहेत, आणि तिघांनाही आता दुसरं काम नाही. मालकांची परवानगी काल रात्रीच घेतली. जे अंथरुणाला आहेत त्यांच्या घरी आम्ही परवा सोमवारी सकाळी जाणार, त्यांच्या सुनेनं दहानंतर या म्हणून सांगितलंय, सकाळी त्यांना जरा बरं वाटतं. मृदंगमणींपैकी एकानं बरोबर यावं, म्हणजे त्यांना लय धरायला सोपं जाईल. बाकी तिघांसाठी देवळामागची खोली चांगली आहे, पंखा बंद ठेवावा लागेल आणि कबुतरं हाकलावी लागतील. नुसतं गाणं नको, बोलणंही हवं. पहिली वारी कोणाबरोबर केली, निरेच्या काठी रात्री काय शिजायचं, कोण कोणाशी भांडलं. ज्यांच्या घरात जुन्या कॅसेटी असतील त्यांनी त्या पुसू नयेत, तेल-पाणी लावू नये, तशाच पिशवीत घालून नाव लिहून चोपदारांकडे द्याव्यात. प्रत घेऊन परत मिळतील, पोच देऊ.

रामकृष्णहरि.